नमुना कुठे घ्यावा?

आपल्यापैकी पुष्कळांची आडनावे नदीकाठची आहेत. रोहेकर घ्या, अष्टमकर घ्या. कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा, समोरच्या काठाला अष्टमी. तेथून ती पश्चिमेस वाहत जाऊन रेवदंड्याशी समुद्रास मिळते. भरतीबरोबर खाडीत जिताडा वर येई, आणि खवल्यांचा मासा म्हणून आपल्या घरांत त्याला मोठा मान. नदीची प्रकृती आपल्या आज्या मासळीच्या टोपलीवरून ओळखत. पुढे रोह्याजवळ धाटावला आणि सावित्रीकाठी महाडला रासायनिक कारखाने आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या यादीत देशातील नद्यांचे ३५१ पट्टे प्रदूषित म्हणून नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्रातले ५३. कुंडलिका आणि सावित्री ह्या दोघीही त्यांत आहेत.

गाव सोडून येथे आलेल्या आम्हां लोकांना ह्याचे वाईट वाटते, पण ते दूरचे वाईट वाटणे. आमचा आजचा प्रश्न जवळचा आहे. ज्या नदीच्या काठी आपण राहतो, तिचे पाणी बिघडले हे आपल्याला ठाऊकच नव्हते, असे म्हणणारा माणूस निर्दोष ठरतो काय?

यार्कोनचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. रोश हाआयिनच्या झऱ्यांपासून तेल अवीवच्या समुद्रापर्यंत ही नदी सुमारे २८ किलोमीटर वाहते. १९५५ साली ह्या झऱ्यांचे गोडे पाणी मोठ्या नळांतून नेगेवकडे नेण्यात आले. बेरशेबा, दिमोना, येरुहाम येथे आपली कुटुंबे वसली. त्या वाळवंटाला जगवणाऱ्या पाण्यात ह्या नदीचा वाटा होता. ते पाणी नेले म्हणून आम्ही कोणाला दोष देत नाही. तहानलेल्याला पाणी हवेच. पण चांगले पाणी गेल्यावर पात्रात उरले ते शहरांचे सांडपाणी, आणि त्याची चौकशी फारशी कोणी केली नाही. १९८८ साली नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले. तरीही १४ जुलै १९९७ रोजी मक्काबिया क्रीडामेळाव्यासाठी बांधलेला पूल कोसळला व ऑस्ट्रेलियाचे खेळाडू खाली पडले, तेव्हा चौघे दगावले, आणि त्यांपैकी तिघे पडल्यामुळे नव्हे, तर नाकातोंडात गेलेल्या घाण पाण्यातून झालेल्या संसर्गाने. तोवर ह्या पुलाच्या मजबुतीचीही कोणी नीट पाहणी केली नव्हती, आणि खालच्या पाण्याचीही कोणाला पर्वा नव्हती.

हैफाजवळच्या किशोन नदीची गोष्ट अधिक कठीण आहे. नौदलाचे पाणबुडे तेथे वर्षानुवर्षे सराव करीत. त्यांच्यात कर्करोगाचे रुग्ण दिसू लागल्यावर २००० साली न्यायमूर्ती मेईर शमगार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २००३ साली आला. तिघांपैकी दोघा सदस्यांना नदी आणि रोग ह्यांतला कार्यकारणसंबंध सिद्ध झाला असे वाटले नाही. शमगार यांचे मत उलट होते. आम्हांला दोन्ही बाजूंच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. पण जुन्या काळात त्या पाण्यात नेमके काय होते, हे विचारायला गेले की पुरेशी नोंद सापडत नाही. मग शास्त्रज्ञाने काय सिद्ध करायचे? ज्यांनी त्या वेळी बाटली बुडवली नाही, त्यांच्या आळसाचा फायदा पुढे संशयाच्या नावाने कोणाला तरी मिळतो, आणि तो आजारी माणसाला क्वचितच मिळतो.

देवारीम ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात एक विधी सांगितला आहे. शेतात कोणी मारलेला माणूस सापडला आणि मारेकरी कळला नाही, तर वडीलधाऱ्यांनी व न्यायाधीशांनी बाहेर पडून आसपासच्या गावांपर्यंतचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळचे, त्याच्या वडीलधाऱ्यांनी वाहत्या ओढ्याच्या काठी उभे राहून हात धुवायचे आणि सांगायचे की हे आमच्या हातून घडले नाही व आम्ही पाहिलेही नाही. ह्यावर आपल्या विद्वानांनी विचारले, गावचे वडीलधारे खुनी असतील असा संशय तरी कोण घेईल? त्यांचे उत्तर असे की प्रश्न खुनाचा नाही. तो वाटसरू तुमच्या वेशीवरून उपाशी व एकटा गेला काय, हे तुम्ही पाहिले होते की नाही, हा आहे. आधी मोजमाप, मग हात धुणे, हा क्रम आम्हांला फार विचार करायला लावतो. न मोजता हात धुण्याची परवानगी तेथे नाही.

मोजणे म्हणजे मात्र आकडा मिळवणे एवढेच नव्हे. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. तरुणपणी आम्ही एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. बाहेर सोडलेल्या पाण्याचा नमुना घेणे, तो पाच दिवस २० अंश उष्णतामानात अंधारात ठेवणे आणि जंतूंनी किती प्राणवायू वापरला ते काढणे, हे आमचे काम. टाक्या धुण्याच्या दिवशी वरिष्ठ सहज म्हणत, "आज राहू दे, उद्या घे." आम्ही उद्या घेत असू. वहीतला एकही आकडा खोटा नव्हता. सगळी वही मात्र खोटी होती. आम्हांला ते कळत होते, आणि पगाराचा दिवस जवळ होता.

नदीच्या मुखाशी तर ही फसवणूक नकळतही होते. समुद्राचे खारे पाणी जड, ते तळाने आत शिरते. नदीचे गोडे पाणी वर तरंगते. वरचीच बाटली भरली तर पाणी बरे दिसते, आणि तळाशी प्राणवायू संपलेला असतो. वेळेचेही तसेच. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, म्हणून दुपारचा नमुना नेहमी गोंडस. रात्रभर तेच शेवाळ प्राणवायू खाते, आणि मासे मरतात ते पहाटे. शरद ऋतूतला पहिला पाऊस रस्त्यांची व नाल्यांची वर्षभराची घाण एकदम नदीत आणतो, त्या दिवशी कोण जातो? म्हणून जाणकार पाण्याबरोबर तळाचे किडेही तपासतात. माणूस एक दिवस येतो, किडा तेथे महिनेच्या महिने राहतो. त्याला कोणी "उद्या ये" म्हणत नाही.

आज नियम आहेत. २०१० पासून नदीत सोडायच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यासाठी वर सांगितलेल्या प्राणवायूच्या मागणीची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. यार्कोनमध्ये केवळ ह्याच देशात आढळणारा लहानसा मासा, लावनून हायार्कोन, नाहीसा होण्याच्या बेतात होता. तेल अवीव विद्यापीठात त्याची पैदास करून त्याला पुन्हा नदीत सोडण्यात आले. हे आनंदाचे आहे.

आम्ही राहतो अश्दोदला. लाखीश नदी शहराला लागूनच समुद्राला मिळते आणि आमची नात शाळेच्या उपक्रमात तिच्या पाण्याची परीक्षा करते. शिक्षिकेने दुपारी चारची वेळ दिली होती. आम्ही तिला एकदा पहाटे पाचला उठवून नेले. तिची आई आमच्यावर रागावली, ते वेगळे. पुलाखाली पाणी स्तब्ध होते. तिने बुडबुडा राहू न देता बाटली भरली, थेंब टाकले, रंग पाहिला. दुपारच्यापेक्षा प्राणवायू बराच कमी भरला. तिने विचारले, "आजोबा, हा आकडा लिहायचा का? बाईंनी ह्या वेळेचा मागितला नाही."

आम्ही म्हटले, लिही, आणि शेजारी वेळही लिही.