हेड बदललं, इंजिन तेच?

वसई फाट्याच्या आसपास महामार्गाच्या कडेला ट्रकची गॅरेजं पुष्कळ आहेत. पण जुन्या गाडीचा मालक स्वतःच ड्रायव्हर असला, तर बरंचसं काम घरापुढच्या अंगणातच उरकलं जातं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले, धूर पांढरा झाला, ऑइल दुधाळ दिसलं, की हेड उतरवायचं हे ठरतं. पाणी काढायचं, नोझलच्या नळ्या सोडवायच्या, रॉकर काढायचे, मग हेडचे बोल्ट बाहेरून आत येत थोडे थोडे ढिले करायचे. ओतीव लोखंडाचं ते धूड गोणपाटावर उलटं ठेवल्यावर दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधे बारीक चीर दिसली, तर बहुधा दुसरं हेड आणावं लागतं.

दुसरं हेड बसवलेलं इंजिन मूळचंच म्हणायचं का? पुढे पिस्टन बदलतील, लायनर बदलतील, क्रँकही बदलेल. मग मूळचं काय उरलं?

आरटीओपुरतं याचं उत्तर सोपं आहे. आरसी बुकात चासी नंबर आणि इंजिन नंबर असतो, आणि इंजिनचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो, हेडवर नाही. हेड बदलल्याने कागदोपत्री काहीच बदलत नाही. पण नंबर ही ओळखण्याची खूण झाली. ओळख कशात आहे, हे त्यातून कळत नाही.

हाच प्रश्न ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात येतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, रथातून भिक्खू नागसेनाकडे येतो. नागसेन त्याला विचारतो: आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू? की हे सगळं मिळून रथ? की यांच्यापलीकडे वेगळा कुणी रथ आहे? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी तोच मान्य करतो, की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालतं. नागसेन म्हणतो, माझंही तसंच.

या प्रश्नावर भारतीय दर्शनांचं एकमत कधीच झालं नाही. कच्चं मडकं भट्टीत भाजलं की तेच राहतं का, यावर नैयायिक आणि वैशेषिक भांडले. वैशेषिकांच्या मते उष्णतेने मडकं परमाणूंपर्यंत विस्कटतं आणि नवं घडतं; हे इतक्या वेगाने होतं, की डोळ्यांना कळत नाही. नैयायिक म्हणतात, मडकं तेच, फक्त रंग बदलला.

अंगणातलं काम नागसेनाची बाजू बळकट करतं. गोणपाटावर सगळे भाग हजर असतात, तरी इंजिन नसतं. जाणता माणूस पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात पुशरॉड क्रमाने खोचून ठेवतो, कारण प्रत्येक रॉड आपल्या जोडीच्या टॅपेटशी आणि रॉकरशी झिजून जुळलेला असतो. बोल्ट आवळताना मधून बाहेर जायचं आणि टप्प्याटप्प्याने टॉर्क द्यायचा. नाहीतर नवं गॅसकेटही टिकत नाही. इंजिनचं इंजिनपण भागांच्या या संबंधांत असतं, आणि ते संबंध कुणीतरी कष्टाने राखावे लागतात.

पण सगळंच बदलतं, तर जबाबदारी कुणाची? मिलिंदालाही ही शंका येते. नागसेन आंबेचोराचं उदाहरण देतो. चोर म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. म्हणून मी दोषी नाही. राजाच निवाडा देतो, की चोर दोषीच, कारण हे आंबे त्या आंब्यांतूनच आले. ट्रकचंही तसंच आहे. नव्या हेडने जुन्या कर्जाचा हप्ता फिटत नाही की अपघाताचा खटला मिटत नाही.

ओळख नात्यात असते, या विचाराला वसई-विरारमध्ये मातीतला पुरावा आहे. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप खणला. एकात एक ठेवलेल्या करंडकांत सगळ्यात आत सोन्याचा करंडक होता, आणि त्यात मातीच्या भांड्याचे 13 बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असं त्यांनी मानलं. ट्रकचे भाग बदलतात आणि ट्रक उरतो. इथे पात्र गेलं आणि तुकडे उरले, तरी श्रद्धेने त्यांना पात्राचाच मान दिला. भिक्षा घेणाऱ्याशी त्या तुकड्यांचं जोडलेलं नातं लोकांना पुरेसं वाटलं.

त्याच सोपाऱ्यात 1882 मध्येच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तर नवव्याचा 1956 मध्ये भुईगावात. आठव्या लेखात आधीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, अशोक मात्र धम्मयात्रेला लागला, अशी हकीकत आहे. त्याच मालिकेतल्या तेराव्या लेखात अशोक कलिंगच्या युद्धातले मृत एक लाख आणि उचलून नेलेले दीड लाख असे आकडे देतो आणि पश्चात्ताप व्यक्त करतो. लेख कोरवला तेव्हा तो पुष्कळ बदललेला होता. युद्ध करणारा राजा दुसराच कुणी होता, असं मात्र तो म्हणत नाही. दोन्ही गोष्टी तो ‘देवानांप्रिय’ याच नावावर घेतो.