राखलेली नावं

जवानाचं पार्थिव गावात येतं त्या दिवशी सरकार पूर्णपणे हजर असतं. तिरंगा, बंदुकांच्या फैरी, तहसीलदार, पुढारी. वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात त्या दिवशी चुली पेटत नाहीत. सावडणं झालं की पुढचं सगळं घरच्यांवर येतं. बांधावर किंवा फाट्यावर स्मारक उभं राहतं ते बहुधा घरच्यांच्या पैशातून नि गावच्या वर्गणीतून. पुण्यतिथीला ते धुतात, हार घालतात. आई-वडील थकले की तेही राहून जातं.

म्हणूनच खडकीची युद्ध स्मशानभूमी मनातून जात नाही. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कायमच्या देखभालीची खात्री नव्हती, तिथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी इथे आणल्या. दीड हजारांहून जास्त आहेत. दगड एका मापाचे, अधिकाऱ्याचा असो की शिपायाचा. मी गेलो तेव्हा एक माळी उकिडवा बसून दगडाच्या पायथ्याचं गवत हातानं काढत होता, अक्षरांवर आलेली माती बोटानं पुसत होता. आत झोपलेल्या पोराचे आई-वडील कधीच गेले असतील. तरी हे काम थांबलेलं नाही, कारण ते कुणाच्या मायेवर सोडलेलं नाही. १९१७ साली स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धकबर आयोग ते करतो आणि खर्च सहा देशांची सरकारं उचलतात. त्यांत भारतही आहे.

आपल्यात दहन करतात, मग कबर कसली, असं कुणी म्हणेल. पण त्याच आयोगानं इटलीत सांग्रो नदीजवळ दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावं राखली आहेत. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले, माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. उलट सातारा-कोकणातल्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाचे संगमरवरी फलक आहेत, त्यांवर नुसते आकडे: इतके गेले, इतके मेले. नाव नाही. आकड्याला हार घालून कुठल्या आईचं समाधान होणार?

दिल्लीत २०१९ पासून राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, तिथे पंचवीस हजारांवर नावं कोरली आहेत. ते झालं, फार चांगलं झालं. पण वसमत तालुक्यातल्या म्हातारीला दिल्ली कुठली जवळ? तिच्या गावातच, ग्रामपंचायतीच्या जागेत, सरकारी खर्चानं नावाचा दगड हवा. त्याच्या देखभालीची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात हवी, आणि अक्षरं पुसट झाली की रंग भरण्याची जबाबदारी कुणाची, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कागदावर लिहिलेलं हवं.