अनुकृतीचे मोल

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले कोल्ट पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारले. आज फिलिपाइन्समधील आर्मस्कोर त्याच घडणीची पिस्तुले अमेरिकेत पुष्कळ कमी किमतीस विकते. ती घेणे योग्य काय? पेटंटची मुदत केव्हाच सरली. रचना सर्वांची झाली. कोल्ट हे नाव मात्र कोल्टचेच राहिले. म्हणून स्वतःचे नाव कोरून विकलेली अनुकृती ही चोरी नव्हे. दुसऱ्याचे नाव कोरले, की ती लबाडी ठरते. परंतु कायद्याने निर्दोष ठरलेली वस्तू विश्वासार्ह असतेच असे नाही. ज्यावर प्राण विसंबायचा, त्याची किंमत कसोटीनंतरच पाहावी. शेकडो गोळ्या झाडूनही जे अडत नाही, ते अनुकृती असले तरी खरेच. मात्र शस्त्र स्वस्त मिळाले, म्हणून ते बाळगणाऱ्याची जबाबदारी स्वस्त होत नाही.