दमट हवेतलं आलं

कोकणातल्या स्वयंपाकघराचा जुना वैरी म्हणजे पाणी. पेण-रोह्याकडे पावसाळ्यात तीनेक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. चपलांना बुरशी येते, मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, काड्यापेटीतली काडी पेटता पेटत नाही. म्हणून मृगाआधी वाळवणांची धांदल. पेणचा तर हा धंदाच: पोह्याचे पापड आहेत, खाडीकाठची मिठागरं आहेत, आणि गणपतीच्या कारखान्यांत सावलीत सावकाश सुकणाऱ्या शाडूच्या मूर्ती आहेत. मूर्ती सुकवायची घाई केली की तडा गेलाच म्हणून समजा.

साखरेत मुरवलेलं आलं याच कुळातलं. एसटी स्टँडवर मिळणारी आलेपाकाची वडी ही त्याची चुलत बहीण, पण तिच्यात साखरेचीच हुकमत फार. फोडी करायला मेहनत जास्त, म्हणून त्या घराघरांतून मागे पडल्या असाव्यात.

या कामातही घाई चालत नाही. फोडी थेट घट्ट पाकात सोडल्या तर त्यांतलं पाणी झपाट्याने बाहेर येतं, साखरेला आत शिरायला सवड मिळत नाही आणि फोड आक्रसून वातड होते. म्हणून आधी पातळ चकत्या पाण्यात मऊ शिजवायच्या, मग पातळ पाकात रात्रभर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी पाक थोडा आटवायचा, पुन्हा ठेवायचा. साखर हळूहळू आतलं पाणी बांधून टाकते. पाणी असतं तिथेच, पण बुरशीच्या उपयोगाचं उरत नाही. मिठागरातलं मीठ माशाला टिकवतं ते याच युक्तीने. चीनच्या कँटन बंदरातून पाकातलं आलं चिनी मातीच्या बरण्यांतून युरोपला जायचं आणि महिनोन्महिन्यांच्या समुद्रप्रवासात टिकायचं, तेही याच जोरावर.

तिखटपणाचं काय होतं, हा खरा गमतीचा भाग. जिभेच्या दृष्टीने आल्याचा तिखटपणा ही चव नव्हेच. मिरचीसारखंच आलंही उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं. ताज्या आल्यातलं जिंजेरॉल वाळताना शोगॉल बनतं आणि ते अधिक झणझणीत असतं. सुंठ आल्यापेक्षा जहाल लागते ती त्यामुळे. उलट शिजवताना काही जिंजेरॉल मोडून सौम्य झिंजेरॉन तयार होतं. साखर यांतलं काहीच मारत नाही, फक्त दातांखाली आधी गोडी येऊ देते आणि मग घशात तिखट. काही जण तिखटाच्या भीतीने दोन-तीन पाण्यांत उकळून प्रत्येक वेळी पाणी ओतून देतात. त्यांनी सरळ बत्तासे खावेत.

आलं कोवळं हवं. वैशाख-ज्येष्ठात लावलेलं पाच-सहा महिन्यांनी काढलं तर त्याला रेषा कमी असतात. सुंठीसाठी मात्र पूर्ण पिकलेलंच लागतं. शेवटच्या आटवणीला चमचा सतत हलवत राहायचा. पाक दाटतो, पातेल्याच्या कडेला पांढरा होतो आणि एकदम साखरतो, फोडींवर रवाळ थर चढतो. इथे लिंबू पिळायचा मोह टाळायचा. आंबटाने साखर मोडते आणि दाणा धरत नाही. मुरंब्याला तो गुण, इथे तोच दोष.

आषाढात मात्र हा खटाटोप करू नये. साखर हवेतला ओलावा ओढते आणि दोन दिवसांत फोडी एकमेकींना चिकटतात. दसरा होऊन हवा कोरडी पडली, बाजारात नवं आलं दिसू लागलं, की करा. काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा. आलं शिजवलेलं पाणी आणि पातेल्याला चिकटलेली तिखट साखर टाकून देऊ नका, चहाला लागेल.