सही सकाळी होते

होमिओपॅथांना सीसीएमपी या वर्षभराच्या औषधशास्त्र अभ्यासक्रमाच्या जोरावर आधुनिक औषधे लिहू द्यावीत की नाही, यावरून सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. त्यानंतर झालेल्या एका परिसंवादात एक नामवंत सर्जन बोलता बोलता म्हणाले, ‘असंच चाललं तर उद्या सिस्टरसुद्धा प्रिस्क्रिप्शन लिहायला लागतील.’ सभागृह खळखळून हसले. मी तिसऱ्या रांगेत होते. निम्मे आयुष्य नर्सिंग कॉलेजात शिकवण्यात गेल्यामुळे असल्या विनोदांची मला सवय आहे. पण या विनोदाची जागा चुकली होती. वर्षभर फार्माकॉलॉजी घोकून आधुनिक औषधशास्त्र हाती येत नाही, हा सर्जनसाहेबांचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. मग चार वर्षे बी.एस्सी. नर्सिंग, पुढे आयसीयूतल्या ड्युट्या आणि वर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेली बाई त्याच वाक्यात हास्यास्पद कशी ठरली?

परिसंवादात प्रश्न विचारायला वेळ उरला नाही. वक्ते ठरल्या वेळेपेक्षा जास्त बोलले की असे होतेच. म्हणून हा लेख.

रात्री अडीचला कोणत्याही आयसीयूत काय चालते ते पाहा. सेप्सिसचा पेशंट, मीन प्रेशर पंचावन्नवर उतरलेले, लघवीच्या पिशवीत दोन तासांत नाव घेण्यासारखी भर नाही. सिस्टर फोन लावते : ‘सर, सहा नंबरचं एमएपी पंचावन्न आहे. नॉरअ‍ॅड पाचवर चालू आहे, आठ करू का?’ पलीकडून झोपेतला हुंकार येतो, ‘हं, करा.’ ती पंपावरचा आकडा बदलते, चार्टवर ‘टेलिफोनिक ऑर्डर’ असे लिहून वेळ टाकते आणि पुन्हा मॉनिटरपाशी उभी राहते. सकाळी राउंडच्या आधी सर सही करतात. निदान कोणी केले, डोस कोणी ठरवला आणि ऑर्डर कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत, हे त्या वॉर्डातल्या आयाबाईलाही ठाऊक असते.

या नाटकावर लिहिणारा माझा लाडका लेखक म्हणजे लिओनार्ड स्टाइन हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ. १९६७ मध्ये त्याने ‘डॉक्टर-नर्स गेम’ या नावाचा छोटासा निबंध लिहिला. मी तो दरवर्षी वर्गात वाचून दाखवायची आणि दरवर्षी मुली एकमेकींकडे बघून हसायच्या. स्टाइनचे म्हणणे असे : नर्सने पुढाकार घ्यायचा, महत्त्वाचा सल्लाही द्यायचा, पण तो डॉक्टरच्याच डोक्यातून निघाला असे भासवायचे. डॉक्टरने तो सल्ला मागायचा, पण मागतो आहे असे दिसू द्यायचे नाही. उघड मतभेद झाला की खेळ मोडला. त्याने दिलेल्या उदाहरणातही रात्रीचा फोनच आहे. पेशंटला झोप लागत नाही, असे नर्स सांगते. पूर्वी कोणत्या गोळीने गुण आला होता, असे डॉक्टर सहज विचारतो. ती औषध आणि मात्रा सांगते. तो तीच मात्रा हुकमाच्या सुरात परत सांगतो आणि ती त्याचे आभार मानते.

दुसरा कोणी असता तर खेळाचे वर्णन करून थांबला असता. स्टाइन तो खेळ शिकवला कुठे जातो ते शोधतो. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मनात चुकीची धास्ती बसते आणि तिच्यावरचा उतारा म्हणून तो आपण चुकूच शकत नाही असा आव आणतो. नर्सला मात्र तिच्या शाळेत पहिल्या दिवसापासून अदब शिकवली जाते. डॉक्टर आले की उठून उभे राहायचे, ही आमच्याही हॉस्टेलची शिस्त. मजा म्हणजे स्टाइन स्वतः डॉक्टर, तेव्हा त्याच्या निबंधाला ‘सिस्टर लोकांची कुरकुर’ म्हणून बाजूला सारता येत नाही. (तो निबंध नर्सने लिहिला असता तर छापून आला असता का, हा प्रश्न मी वर्गात विचारायचे टाळत असे. प्राचार्या डॉक्टरांच्या घरच्या होत्या.)

१९९० मध्ये स्टाइनने दोन सहलेखकांसह याच विषयावर पुन्हा लिहिले. बातमी अशी की नर्सेसनी खेळ एकतर्फी थांबवला होता. कारणे बरीच दिली होती. डॉक्टरांविषयीचा समाजातला आदर ओसरला, स्त्री डॉक्टर वाढल्या, नर्सेसचा तुटवडा झाला. मला त्यातले एकच हवे होते : नर्सिंगचे शिक्षण इस्पितळांच्या शाळांतून विद्यापीठांत गेले. एवढ्या एका कारणावर मी किती मुलींना एम.एस्सी.चे फॉर्म भरायला लावले असतील! शिका, म्हणजे खेळ आपोआप संपेल.

पण इथे इतिहास आडवा येतो. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात नर्सिंगची मास्टर्स १९५९ मध्ये सुरू झाली. लोरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्याचे काम करणारी परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हा बालरोगतज्ज्ञ या दोघांनी कोलोरॅडोत जगातला पहिला नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः तपासून उपचार करणारी नर्स) अभ्यासक्रम काढला तो १९६५ मध्ये. आपली मास्टर्स त्याच्या सहा वर्षे आधीची. मग आपल्याकडे रात्रीचा तो फोन अजून त्याच सुरात का लागतो?

कारण आपले पदव्युत्तर शिक्षण हा पेशंटच्या खाटेपासून वर, स्टाफरूमकडे नेणारा जिना आहे. सरकारी अधिपरिचारिका अभ्यासरजा घेऊन एम.एस्सी. करते. परत आल्यावर एकतर त्याच वॉर्डात त्याच ड्युटीशीटवर उभी राहते, नाहीतर पाठ्यनिर्देशिका होऊन फळ्याकडे वळते. खासगी कॉलेजांचे पेव फुटल्यावर पदवीधर शिक्षिकांना मागणी वाढली आणि सर्वांत जास्त शिकलेली नर्स रुग्णापासून सर्वांत लांब गेली. मीही त्याच जिन्याने वर गेलेली.

भारतीय परिचर्या परिषदेने यावर उपाय काढला होता, आणि तो चांगला होता. ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम. त्यात थिअरी साधारण २० टक्के, बाकी सगळे पेशंटपाशी. माझी एक विद्यार्थिनी तो करून एका मोठ्या इस्पितळात रुजू झाली. एचआरच्या यादीत तिच्या पदवीला जुळणारे पदच नव्हते. बिल्ल्यावर आले ‘स्टाफ नर्स’. आणि औषध? १९४५च्या औषध नियमांनुसार प्रिस्क्रिप्शन नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचेच लागते. म्हणजे दोन वर्षे व्हेंटिलेटर, व्हॅसोप्रेसर, अँटिबायोटिक शिकून ती पुन्हा फोनच लावणार, फक्त आता प्रश्न अधिक अचूक विचारणार.

तेव्हा माझा प्रचार मलाच तपासावा लागतो. पदवीने खेळ संपत नाही. अधिकार नसेल तर पदवीमुळे खेळाडू तेवढा तरबेज होतो.

मग अधिकारही दिला तर? २०००च्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातला मेरी मंडिंगर यांचा अभ्यास नर्सिंगवाले ऊठसूट दाखवतात : १३१६ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांच्यात वाटलेले, सहा महिन्यांनी तब्येतीत म्हणण्यासारखा फरक नाही. विरोधक म्हणतात, सहा महिने हा काय अवधी झाला, आणि प्राथमिक उपचारांवरून आयसीयूचे अनुमान कसे काढता? दोन्ही आक्षेप रास्त आहेत. पण त्या अभ्यासातली मोलाची अट दोन्ही बाजू वाचत नाहीत. त्या नर्सेसना डॉक्टरांइतकेच अधिकार आणि तेवढीच जबाबदारी दिलेली होती. पदवी आणि अधिकार एकाच हातात असताना काय घडते, याची ती परीक्षा होती.

आणि पदवीचा हव्यास अमेरिकेलाही सुटलेला नाही. तिथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने २००४ मध्ये ठरवले की २०१५ पर्यंत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरेट हवी. मुदत उलटली, मास्टर्स चालूच आहेत. प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या तासांची किमान अट मात्र बरीच वर्षे ५०० होती, अलीकडे ती ७५० झाली. सर्जनसाहेबांना हे आकडे ठाऊक असते तर विनोदाऐवजी मुद्दा मांडता आला असता. त्यांच्या बाजूचा खरा दारूगोळा हा आहे.

माझी खरी अडचण गडचिरोलीत आहे. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत, जेमतेम शाळा झालेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले गेले : तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली. त्या बायकांकडे पदवी नव्हती. नेमके काम, नेमके प्रशिक्षण, वरून सतत तपासणी आणि सुई हातात धरण्याची मुभा, एवढेच होते. नर्सिंग कॉलेजात हे उदाहरण फारसे कोणी देत नाही. दिले तर फीचे काय सांगायचे?

म्हणून क्रम उलटा लावावा असे मला वाटते. नर्सने कोणती औषधे, कोणत्या स्थितीत, कोणाला उत्तरदायी राहून लिहायची, हे आधी कायद्यात उतरवा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यात ३२व्या कलमाने सामुदायिक आरोग्यसेवकासाठी असा मर्यादित परवाना लिहून ठेवलाच आहे. त्याच्या विरोधात डॉक्टर तेव्हाही रस्त्यावर उतरले होते. त्या अधिकाराला साजेसे पद काढा, आणि मग त्या पदासाठी दोन वर्षे लागतात की दीड, ते ठरवा. सुईणपणासाठी आपण २०१८ मध्ये दीड वर्षाचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आखलाच. त्यातून बाहेर पडणारीला स्वतंत्रपणे बाळंतपण करू देणार की पुन्हा लेबर रूमच्या नोंदवह्या लिहायला बसवणार, याचे उत्तर अभ्यासक्रमात सापडत नाही.

यावर एक शहाणा आक्षेप येतो : अधिकार दिलात की खासगी इस्पितळे नर्सला स्वस्तातला डॉक्टर म्हणून राबवतील. राबवतील, यात शंका नाही. पण आज काय चालते? गावोगावच्या छोट्या इस्पितळांत रात्रीचा आरएमओ बीएएमएस नाहीतर बीएचएमएस असतो, त्याला आमच्या सिस्टर औषधाचे नाव, डोस आणि डायल्यूशन सांगतात, आणि सही तो करतो. ही व्यवस्था संप पुकारणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्याच इस्पितळांत चालते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की ५०हून कमी खाटांच्या खासगी इस्पितळातही नर्सला किमान २०,००० रुपये पगार हवा, आणि २००हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका. त्या शिफारशीचे तुमच्या इस्पितळात काय झाले, हे मला सर्जनसाहेबांना विचारायचे होते.