कातडे आणि जीव

दया आणि स्वार्थ एकाच वाटेने चालत असले, तर त्या कर्माचा खरा धनी कोण, हे कसे ओळखावे? हा प्रश्न जुनाच आहे. या खेपेस तो बंदुकीच्या गोळीवरून निघाला, म्हणून सज्जनांपुढे ठेवतो.

आमच्या भागातला एक तरुण नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. तिकडे कायोटी नावाचे जनावर आहे. आपल्या कोल्ह्याहून थोडे मोठे, लांडग्याहून लहान. मेंढरे मारते म्हणून पशुपालक त्याला मारतात, आणि हिवाळ्यात लव दाट झाली की कातड्याला दाम येतो म्हणूनही मारतात. तो म्हणाला, “महाराज, कातडे फाटू नये म्हणून गोळी कोणती घ्यावी, याचा तिथे फार बारीक विचार होतो.”

त्याने सांगितले ते असे. एक गोळी हलकी आणि ठिसूळ असते. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या जळगावच्या सराफाच्या काट्यावर तीसेक गुंजा. ती बारीक भोक पाडून आत शिरते, छातीत फुटून तिचा चुरा होतो, आणि बहुधा पलीकडे निघत नाही. जीव लगेच जातो, कातडेही वाचते. मात्र खांद्याच्या हाडावर वरच्यावर फुटली, तर मोठी जखम होते आणि कातडे वाया जाते. दुसरी गोळी तांब्याच्या पत्र्याने पूर्ण मढवलेली. ती आरपार जाते, दोन लहान भोके ठेवते. पण मर्मावर लागली नाही, तर जनावर जखम घेऊन पळते आणि कुठल्या तरी झुडपात सावकाश मरते.

आता विचार करा. पहिली गोळी नेमकी लागली, तर दया आणि दाम दोन्ही साधतात. शिकारी म्हणेल, “मी जनावराला तडफडू दिले नाही.” त्याचे म्हणणे खोटे नाही. पण तेवढ्यावरून त्याचे मन कळत नाही. जनावर तिरके उभे आहे, अंतर फार आहे, नेम चुकण्याचा संभव आहे, अशा वेळी तो काय करतो? मढवलेली गोळी भरून कातडे राखतो, की बंदूक खाली ठेवतो? वाटा फुटतात तिथेच धनी ओळखू येतो.

हे परदेशाचे म्हणून सोडून देऊ नये. 1825 साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा औट्रम साहेब वाघांचा नामांकित शिकारी होता. चाळीसगावजवळचा घाट त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि आज तेच नाव गौताळा औट्रमघाट अभयारण्याला आहे. आपल्याकडे आज कोल्ह्याची शिकारही कायद्याने गुन्हा आहे. तरी वाघाच्या कातड्याचे चोरटे व्यापारी संपले नाहीत. ते पुष्कळदा गोळी वापरतच नाहीत. गोळीचा आवाज होतो आणि कातड्याला भोक पडते. लोखंडी सापळ्यात पाय अडकवून, हाल करून ते वाघाला मारतात. कातड्याची काळजी पराकोटीची, आणि जिवाची मुळीच नाही. रामायणातही सीतामाईला त्या सोनेरी मृगाचा मोह पडला. जिवंत न सापडला तर निदान त्याचे कातडे तरी हवे, असे तिला वाटले. पुढचा अनर्थ सर्वांस ठाऊक आहे.

आता आपल्या गोठ्याकडे वळू. बैलाच्या खांद्याला जू लागून जखम झाली, की शेतकरी हळद-तेल लावतो, चार दिवस औताला जुंपत नाही. ही दया की हिशेब? दोन्ही आहेत, आणि त्यात वावगे काही नाही. पोळ्याला त्याच्या शिंगांना रंग लावतो, पुरणपोळी खाऊ घालतो. पण बैल म्हातारा झाला, ओढ संपली, दावणीला नुसता चारा खाऊ लागला, की वाट फुटते. त्या दिवशीची वैरण ही निव्वळ दयेची वैरण. दुष्काळात ती घालणे किती कठीण, हे मी जाणतो. म्हणून जो घालू शकत नाही त्याला दूषण देत नाही. पण जो घालतो, त्याने आधीची सर्व हळदही पावन केली, असे मला वाटते.

आपणही यातून सुटलेले नाही. ज्या मृदंगाच्या तालावर नामघोष चालतो, त्याची पुडी कातड्याचीच असते. बोकड मांसासाठी मारला गेला, कातडे नंतर आले, असे म्हणून मन समजावता येते. पण मृदंगाला हात लावताना एका जिवाचे ऋण आपल्या बोटांखाली आहे, हे आठवावे, आणि पुडी जपून वापरावी. नवी पुडी घाईने मागू नये.

एवढ्याने हिंसा संपत नाही. पण कर्म करताना स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लागते: उद्या हा लाभ नाहीसा झाला, तर ही काळजी मी घेईन काय? उत्तर ‘होय’ असेल तर ती दया. ‘नाही’ असेल, तर आपण अजून कातडेच राखतो आहोत.

रामकृष्णहरि.