गोल वादी व सदसद्विवेकबुद्धि

जें काम गिऱ्हाइकाच्या दृष्टीस कधींच पडणार नाहीं, तें नीट करण्यास मनुष्य बांधलेला आहे काय? हा प्रश्न पंडितांचा वाटतो. परंतु सोलापुराकडे चामड्याच्या धंद्यावर पोट भरणाऱ्या घरांत तो रोज रांपीच्या धारेशीं उभा राहतो. घुंगुरमाळेस किंवा आसुडाच्या शेपटीस लागणारी गोल वादी हातानें कशी करतां येते, हें पाहिलें म्हणजे तो स्पष्ट कळेल.

बाभळीच्या सालींत कमावलेलें, एक सूत जाडीचें चामडें घेऊन त्याची गोल चकती कापावी. पाटावर रांपी उभी रोवून तिच्यापासून एक सूत अंतरावर खिळा मारावा, आणि चकतीची कड त्या दोहोंमधून ओढीत जावें. चकती फिरते व वादी सुटत जाते. सहा इंच व्यासाच्या चकतींतून अशी सुमारें अठरा फूट अखंड वादी निघते. ती चौकोनी असते. तिचे चारहि कोपरे तासून, ती ओली करून, लोखंडी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोंकांतून ओढावी, आणि शेवटीं दोन फळ्यांमध्यें वळून तेल चोळावें. म्हणजे ती गोल व गुळगुळीत होते.

खरी परीक्षा येथेंच आहे. जनावराच्या पाठीचें चामडें घट्ट असतें. पोटाचें सैल असून ताणलें कीं लांबतें. कापतांना हात हलला तर वादी एके ठिकाणीं अरुंद होते. परंतु भोंकांतून ओढल्यावर बाकीचा भाग दाबला जातो, आणि कमजोर जागाहि इतरांसारखीच दिसते. गिऱ्हाईक बोटांनीं चाचपतें, समाधान पावतें, पैसे देतें. पुढें तीच वादी कोणी जुपणीस लावली आणि उंसाची गाडी उतारास लागली, तर ती त्याच जागीं तुटेल. त्या वेळीं जिवावर बेततें तें बैलाच्या व गाडीवानाच्या, करणाऱ्याच्या नव्हे.

कोणी म्हणेल, “गिऱ्हाईक भाव पाडून मागतें. त्या दरांत उत्तम चामडें कोठून द्यावें? मुलांच्या तोंडीं काय घालावें?” हा आक्षेप उडवून देण्यासारखा नाहीं, भूक खरी आहे. स्वस्त माल विकणें पाप नव्हे, पोटाचें चामडें वापरणेंहि पाप नव्हे. तें पाठीचें म्हणून चालूं द्यावें, हें पाप. “ही घुंगरांपुरती आहे, जुपणीस घेऊं नका,” इतकें बोलण्यास दमडी पडत नाहीं. मात्र एखादें गिऱ्हाईक जाईल. तो तोटा ही प्रामाणिकपणाची किंमत होय, आणि ती गरिबास अधिक जड पडते हें मंडळीनें विसरूं नये. जो आपल्याच बंधूशीं घासाघीस करून त्याला खोट्या मालाकडे ढकलतो, तोहि त्या खोटेपणाचा वांटेकरी आहे.

आपल्या देशांत चामड्याच्या कामाचा फार काळ विटाळ मानीत आले. 1950 सालीं अंमलांत आलेल्या संविधानाच्या 17 व्या कलमानें अस्पृश्यता रद्द केली, तरी मनांतील अढी सर्वत्र गेलेली नाहीं. पण प्रेषितांच्या कृत्यांचे 9 व 10 हे अध्याय वाचा. पेत्र यापो येथें शिमोन चांभाराच्या घरीं उतरला, आणि देवानें शुद्ध केलेलें अशुद्ध मानूं नये हा दृष्टांत त्याला त्याच घराच्या धाब्यावर झाला. एवढ्या थोर गोष्टीसाठीं देवानें दुसरें घर शोधिलें नाहीं. ज्याचें काम देवानें हलकें मानिलें नाहीं, त्यानें स्वतःच्या हातानें तें हलकें करूं नये.

उपदेशक बंधूंनो, हें केवळ रांपी धरणाऱ्यांस लागू नाहीं. आपली प्रार्थनाहि मंडळीपुढें गोल व गुळगुळीत असूं शकते. कलस्सैकरांस लिहितांना पौलानें दासांस तोंडदेखल्या चाकरीविषयीं सावध केलें, कारण धनी पाठमोरा झाला तरी प्रभु पाहतच असतो. भोंकांतून ओढलेली वादी सर्वांस सारखी दिसते. कोठें किती चामडें आहे हें करणाऱ्यास ठाऊक असतें, आणि त्यास.